रुमालाखाली माझा भाव

मला एकदा विकायला काढलं होतं आणि गिऱ्हाईक मिळालं नाही.

तेव्हा मी जालन्याच्या एका कॉलेजात बी.बी.ए.च्या पोरांना हिशेब शिकवायचो. बायको सुनंदा पुण्यात बँकेत, पोरगीही तिकडंच. मी इथं एका खोलीत, स्टोव्ह आणि केबलवरचा फुटबॉल घेऊन. खोली खायला उठायची. बोलायला भिंतीवर एक पाल होती, तीपण पुढं निघून गेली. सुनंदानं जालन्याला बदली मागावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते. अर्ज करण्याआधी ती गाव बघायला येणार होती, आणि 'इथं मला भारी मान आहे' असं मी फोनवर ठोकून दिलं होतं.

पोरं पुस्तकातल्या तेलगिरणीच्या ताळेबंदाला कंटाळलेली. म्हणून मी विलायती फुटबॉल क्लबाचा ताळेबंद काढला. खेळाडू विकत घ्यायचा, आणि करार जेवढ्या वर्षांचा तेवढ्या वर्षांत त्याची किंमत वहीत उतरवत न्यायची, असं सांगितलं. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्याचा पारस म्हणाला, म्हणजे फॅशन गेलेला तागा. राजूरचा भगवान म्हणाला, सर, सरळ बैल म्हणा ना. त्याचे वडील बैलांचे दलाल.

मग प्रत्यक्ष खरेदी-विक्री करायचं ठरलं. खेळाडू व्हायला कोणी तयार होईना, म्हणून मीच उभा राहिलो. (हौस!) भगवान दलाल झाला, पारस घेणारा क्लब. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात. त्यानं माझाच रुमाल घेतला आणि त्याखाली पारसची बोटं दाबायला लागला. माझा भाव काय चाललाय हे मला विचारता येईना, कारण असे सौदे गुप्त असतात हे मीच शिकवलेलं. पारसनं मला वर्गात पळवून बघितलं, मग दात बघायला मागितले. मी आ वासला. खरं सांगतो, बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत इतकं जवळ कोणी आलं नव्हतं.

तेवढ्यात दारात सुनंदा. लवकरची गाडी मिळाली होती. तिला भारी मान दिसला तो असा.

"काय चाललंय हे?" तिनं विचारलं.

"सरांना विकून राह्यलो, ताई," भगवान म्हणाला. ही कोण, हे त्याला काय माहीत? "पण गिऱ्हाईकच लागंना. वय झालं, अन् पगाराचा खर्चा लई."

"मग अशा खेळाडूचं करायचं काय?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या क्लबाला उसना द्यायचा. मालकी आपली, खेळंल तिकडं. बोलावलं की वापस." माझा धडा त्याला बराबर पाठ होता.

वर्गात ओळख करून दिली, चहा पाजला, गाव दाखवलं. संध्याकाळी बसस्टँडवर मी अर्जाचं विचारलं. ती हसली, मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "अहो, पोरगी तिथं रमलीय. मी अर्ज नाही करत. तुम्हाला उसनं दिलंय असं समजा."

मीपण हसलो. गाडी वळेपर्यंत हसत होतो. मग खोलीवर आलो आणि एकट्यापुरता भात टाकला. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून मी उसनाच आहे. सुट्टीत पुण्याला गेलो की सुनंदा दार उघडते, पिशवी हातात घेते आणि विचारते, "परत कधी निघायचं?"

म्हणजे मूळ क्लबालाही वापस बोलवायची घाई नाही.