आठव्या बाईचा व्हिडिओ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माणसं यंत्रं कशी वापरतात, यंत्रं त्यांना सोयीची कशी करावीत — या विषयात मी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आता तिथंच शिकवते. गाव मात्र गोंडपिपरीच्या पुढं, जंगलाला लागून. प्रबंधासाठी मी एक बोलणारं ॲप केलं होतं. मोहफुलं वेचणाऱ्या बायांना वाघ दिसला, तर लिहिता न येताही गावाला कळवता यावं म्हणून. फोन विचारणार, बाई सांगणार. फोनमधला आवाज माझाच — दुसरा आणणार कुठून?

चाचणीला आठ अनोळखी बाया हव्या होत्या. मोहाचा हंगाम, बाया पहाटेच रानात. आजूबाजूच्या गावांतून कशाबशा सात मिळाल्या. आणि परतायची गाडी दुसऱ्या दिवशीची. मग मी काय केलं असेल? मायला ओट्यावर बसवलं, कॅमेरा लावला, हातात फोन दिला, आणि नियमाप्रमाणे भिंतीआड जाऊन उभी राहिले. चाचणीच्या फॉर्मवर लिहिलं — पूर्वओळख नाही.

फोन म्हणाला, वाघ कुठं दिसला ते सांगा. माय हसली. तिनं फोन गालाशी धरला.

"कुठी नाई दिसला वं. तू जेवली का?"

व्हिडिओत मी तिचा चेहरा धूसर केला. तोही नियमच, पण मला तो सोयीचाच पडला. वर्गात लावला तेव्हा हशा पिकला. मीही हसले — खरं सांगायचं तर सगळ्यांत आधी मीच. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. निरक्षर माणूस यंत्रालाच माणूस समजतो, याचा इतका स्वच्छ पुरावा त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. त्या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा राहिला. मग नोकरी.

यंत्राला माणूस? अहो, रोज संध्याकाळी ती फोन असाच गालाशी धरून मला हेच विचारायची. तिनं लेकीचा आवाज ओळखला होता. एवढंच. हे मला तिथं भिंतीआडच कळलं होतं — आणि मी गप्प बसले.

आता तो व्हिडिओ अभ्यासक्रमात आहे. वगळावा, तर का वगळला ते विचारतील. बोलावं, तर पदवी जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दरवर्षी नवी मुलं माझ्या मायला हसतात, आणि दाखवणारी मी. कॅन्टीनमध्ये एकमेकांना "तू जेवली का" म्हणत नक्कल करतात. मला लाज वाटते. तरी मी चहा घेऊन त्यांच्या शेजारून निघून जाते.

मागच्या खेपेला घरी गेले, तेव्हा माय तांदूळ निवडत होती. तो व्हिडिओ अजून दाखवता का, म्हणाली. म्हटलं, दाखवते. पोरांना आवडतो का, म्हणाली. म्हटलं, खूप. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग तू सांगते का त्यायले, हे माही माय होय म्हून?"

मी हो म्हटलं.

त्या दिवशी अंगावर लुगडं कोणतं होतं, ते ती आठवू लागली.