अण्णांच्या खुर्चीची पावर

“पावणं, खुर्ची चालतीया, पण पावर न्हाय. बदलून द्या, न्हायतर घिऊन जावा!”

उचगावच्या अण्णांचा एकाच तक्रारीसाठी हा तिसरा फोन. मी राजारामपुरीतल्या एका शोरूममध्ये मसाज चेअरचा सर्व्हिस इंजिनिअर आहे. मसाज चेअर म्हणजे अंग रगडणारी खुर्ची. पाठीमागे रोलर असतात, ते मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरखाली फिरतात. हातापायांशी एअरबॅग असतात, त्या फुगून दाबतात. किंमत ऐकून लोकांना आधी घाम फुटतो. अण्णांना फुटला नव्हता. हायवेकडेची जमीन विकून त्यांनी बंगला बांधला, गाडी घेतली, मग शोरूममध्ये येऊन “सगळ्यात म्हागडी कुठली?” एवढंच विचारलं आणि तीच उचलली.

आमचे मॅनेजर पोतदारसाहेब म्हणाले, “दोनदा जाऊन आलास. आता खुर्ची परत आली, तर तू पेठ वडगावच्या गोडाऊनला.”

“साहेब, खुर्चीत फॉल्ट नाही.”

“मग कस्टमरमध्ये असेल. काढून ये.”

पेठ वडगावबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गोडाऊनमध्ये मशीन उघडायला मिळत नाही, नुसती खोकी मोजायची. मला ते जमणार नव्हतं.

बंगल्यावर पोचलो तर अण्णा पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून बसलेले. चेहरा सुतकी.

“अण्णा, तब्येत काय म्हणतीय?”

“तब्येतीला काय धाड भरलीया? खुर्चीला बघा!”

खुर्ची वरच्या मजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत होती. पडदे ओढलेले. मी मीटर लावून मोटर तपासली, बरोबर. रोलर बरोबर. एअरबॅग कुठे लीक नाहीत. शेवटची टेस्ट म्हणजे इंजिनिअरनं स्वतः बसून पूर्ण प्रोग्रॅम घ्यायचा. घेतला. जाग आली ती पोतदारसाहेबांच्या फोननं.

“सापडला का फॉल्ट?”

“बघतोय साहेब.”

“डोळे मिटून बघतोयस का?”

अण्णा दारातच उभे होते. “तुमाला बरी झोप लागती! पयल्यांदा काय पावर हुती पावणं! वाटायचं, जमीन गेली ते बरंच झालं. आता बसलं की नुसती गुरगुरतीया.”

मला त्यांचा रागच आला. मी मुलांच्या शाळेच्या फीसाठी ओव्हरटाइम करतो, आणि या माणसाला सुख कमी दाबानं मिळतंय म्हणून तक्रार. तसाच चडफडत मी सीट उघडली. सीट आणि हाताच्या मधल्या फटीत बसणाऱ्याच्या खिशातलं काहीबाही पडतं, ते दर सर्व्हिसला साफ करावं लागतं. पहिल्या सर्व्हिसला मी तिथून चुन्याच्या डब्या, हेअरपिना, गोट्या, भाजके शेंगदाणे आणि कुणाचा तरी चष्मा काढला होता. आज फट धुतल्या ताटासारखी स्वच्छ.

“अण्णा, यात कोण कोण बसतं?”

“मीच की. आनी कोण बसणार?”

चहा घेऊन आलेल्या आक्का, म्हणजे अण्णांच्या मंडळी, फिसकन हसल्या. “आता त्येच. पयल्यांदा खाली हॉलात हुती तवा अख्खी गल्ली यायची. ह्ये शेजारी हुबं राहून रिमोट दाबायचे. खुर्चीनं पाय धरलं की बाळू न्हावी वरडायचा, आनी ह्ये पोट धरून हसायचे. मग सूनबाई म्हणाली, फरशी घाण हुतीया. खुर्ची वर आली.”

“आणि अण्णा कधी बसायचे?”

“ह्येंचा नंबर कुठं लागायचा?”

अण्णा बशीतल्या चहाकडे बघत राहिले. काखेत कळसा आणि मी गावभर मीटर लावत फिरत होतो.

पण “सुनेशी बोला” असं सांगणं माझ्या नोकरीत बसत नाही. म्हणून मी नोकरीतलं पहिलं टेक्निकल खोटं बोललो. जिन्यातून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “अण्णा, या मॉडेलला वरच्या मजल्यावर व्होल्टेज पुरत नाही. खाली दाराजवळ लावावी लागेल.”

सूनबाई वर आल्या. त्या बीएस्सी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

“व्होल्टेजच असणार,” त्या म्हणाल्या. “पण चपला बाहेर काढायला सांगा सगळ्यांना.”

खुर्ची उतरवायला गल्लीतली माणसं बोलावली. उतरवली, पण कुणी घरी जाईना. बाळू न्हावी आधी बसला. अण्णांनी रिमोट हातात घेतला आणि सगळ्यात जोराचं बटण दाबलं. बाळूची किंकाळी ऐकून सूनबाईसुद्धा हसल्या. तक्रार तिथेच मिटली, आणि माझं गोडाऊनही टळलं.

पुढच्या सर्व्हिसला निघालो तेव्हा पोतदारसाहेब म्हणाले, “पार्टी खूश आहे. अजून एक खुर्ची गळ्यात मार.”

अण्णा पोर्चमध्ये त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत होते. आत दोन म्हाताऱ्या नंबरावरून भांडत होत्या.

“अण्णा, पावर कशी आहे?”

“लई! सकाळपास्नं मला बसाय मिळालं न्हाय!”

“मग दुसरी घ्या की. साहेब डिस्काउंट देतायत.”

“खुळं का काय पावणं? दुसरी आणल्यावर भांडायचं कशावर?”

फटीतून त्या दिवशी मूठभर शेंगदाणे निघाले. तेव्हापासून नवी खुर्ची बसवायला गेलो की मी प्लग पॉइंट नंतर बघतो. आधी शेजारी कोण राहतं ते विचारतो.