अर्धा फेरा जास्त

शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि मुरबाडच्या बाजारात माझं पाणी उपसायच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान. सिद्धगडाच्या बाजूच्या वाड्यांमधल्या बिघडलेल्या मोटारी माझ्याकडे येतात. त्यामुळे लेकीचा कॉम्प्युटर आता पाण्याने थंड करायचा असं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. इतक्या वर्षांनी माझ्या ज्ञानाला घरातच गिऱ्हाईक मिळालं होतं.

लेक मुंबईतल्या एका ऑफिससाठी घरी बसून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. जागेवर अजून पायाही खणलेला नसतो, पण हिच्या पडद्यावर गॅलरीत कपडे वाळत असतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तिचं मशीन तापून अधूनमधून बंद पडायला लागलं. दोनदा काम उशिरा गेलं. ऑफिसने सांगितलं, पुन्हा असं झालं तर मुंबईत खोली घे आणि इथे येऊन बस. तिला जायचं नव्हतं. आम्हालाही ती जायला नको होती, पण हे मी सरळ बोललो असतो तर मी मी कसला? मी आपला मुंबईच्या दमट हवेला नावं ठेवत होतो.

थंड करायचे दोन मार्ग होते. एक तयार कूलर, कारखान्यातच पाणी भरून बंद केलेला. चार स्क्रू लावले की चालू. दुसरा सुट्या भागांचा. पंप, टाकी, नळ्या सगळं वेगवेगळं घ्यायचं आणि आपण जोडायचं.

"तयारच घेऊ या, बाबा," लेक म्हणाली.

"बंद डब्यातलं पाणी? उघडून बघता येत नाय, बदलता येत नाय. आपलं पाइपांचं दुकान आहे गो बाय. लोक हसतील."

"लोकांना दाखवायला नाय लावायचा तो," बायको आतून म्हणाली. "आणि तुमी न्हाणीघराचा नळ कधी बसवताय?"

नळाचा विषय मी टाळला. लेकीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती म्हणाली, "ठीक आहे. पण मशीनला लावायच्या आधी एक दिवस सगळं बाहेर टेबलावर चालवायचं. आणि जोड हातानेच आवळायचे. पाना नाय."

सुटे भाग आले. बोटाएवढा पंप, काचेसारखी दिसणारी प्लास्टिकची टाकी. मी दुपारी अंगणात पाट टाकून बसलो. जोड हातानेच आवळले. पण आमच्या धंद्यात एक सवय असते. जोड बसला असं वाटलं की पाना घेऊन आणखी अर्धा फेरा द्यायचा. तो दिला नाही तर जेवण गोड लागत नाही. लेक आत कामात होती. मी दिला.

संध्याकाळी तिने सगळं टेबलावर मांडून प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर घडी करून ठेवला आणि पंप चालू केला. सकाळी टाकीखालची घडी भिजून लगदा झाली होती. टाकीला केसासारखी चीर गेली होती, बरोबर माझ्या अर्ध्या फेऱ्यापासून निघालेली.

"लावायचं होतं का मशीनवर तसंच?" बायकोने विचारलं.

मी चहात बिस्किट बुडवून बसलो. ते पाणी मशीनवर पडलं असतं तर लेकीची बॅग भरायला मलाच बसावं लागलं असतं.

लेक खाली वाकली. पलंगाखालून तिने एक खोकं ओढलं. तयार कूलर.

"हा कधी आणलास?"

"तुमचे भाग मागवले त्याच दिवशी. तुमी एकदा केल्याशिवाय राहणार नाय, हे माहीत होतं ना."

मग तिने माझ्या हातात छोटा स्क्रूड्रायव्हर दिला. चारही स्क्रू मीच लावले. ती शेजारी उभी राहून प्रत्येकाला "बास" म्हणत होती आणि मी प्रत्येक वेळी थांबत होतो. ते थांबणं किती अवघड गेलं, ते माझ्या गिऱ्हाइकांनाच कळेल.

काम त्यानंतर एकदाही उशिरा गेलं नाही. लेक घरीच आहे. न्हाणीघराचा नळ तिनेच बसवला, हाताने आवळून, आणि गळत नाही. चिरलेल्या टाकीत बायकोने पुदिना लावलाय. मी दुपारी जेवायला आलो की आधी लेकीच्या खोलीत जातो आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा मशीनच्या मागे तळहात लावतो.

"बाबा, हात काढा," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणते. "हवा तिथूनच बाहेर जाते."

मी काढतो. जरा वेळाने.