चपलांपाशी बसणाऱ्या ताई

ताईंना मी खुर्चीवर बसलेलं क्वचितच पाहिलं. मरोळच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात, म्हणजे लोकांच्या भाषेत अनाथाश्रमात, कुणी मोठं माणूस आलं की ऑफिसातून आधी खुर्ची निघायची. ताई ती परत पाठवायच्या आणि दारातल्या चपलांपाशी फतकल मारून बसायच्या. त्या मानववंशशास्त्राच्या संशोधक. आई-बापांपासून दूर वाढणाऱ्या मुलांचं बालपण कसं जातं, हा त्यांचा अभ्यास. आम्हाला एवढंच कळायचं, की या बाईंना दुसरं काही काम नाही.

बाकीचे पाहुणे विचारत, मोठी होऊन कोण होणार. ताई विचारत, आज कुणाच्या शेजारी झोपणार, कुणाशी कट्टी आहे. आमच्याबरोबर आमची पातळ डाळ ओरपत. "आपण खुर्चीवर बसलो की मुलं पाठ केलेलं बोलतात," असं त्या म्हणायच्या.

पाठ केलेलं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारी बरेचदा कुणीतरी आपल्या मुलाचा वाढदिवस आमच्यात साजरा करायला यायचं. केक कापण्याआधी एका मुलीने स्वतःबद्दल दोन शब्द बोलायचे, ही तिथली रीत. मी अकरा वर्षांची, किडकिडीत, डोळे मोठे, त्यामुळे बहुतेक वेळा मलाच उभं करत. "मला या जगात कोणी नाही," एवढं म्हटलं की बायकांचे रुमाल बाहेर निघत. खरं तर मला आई होती, देवनारला. घरकाम करायची. तिचा दुसरा नवरा मला ठेवून घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी इथे. ऑफिसात हे माहीत होतं, ताईंनाही. त्यांनी एकदाच मला बाजूला घेऊन विचारलं, "ते वाक्य बोलताना पोटात काय होतं गं?" मी म्हटलं, दुखतं. त्यांनी माझी सुटलेली वेणी तेवढी पुन्हा घालून दिली.

आईची भेट शनिवारी असायची आणि त्यासाठी तिला कामावर खाडा करावा लागायचा. ताई एरवी बजावून सांगत, की मी बघायला आलेय, ढवळाढवळ करायला नाही. पण इथे त्यांना राहवलं नाही. ऑफिसात रदबदली करून त्यांनी भेट रविवारवर आणली आणि पहिल्याच रविवारी आईला स्वतः आत घेऊन आल्या. एरवी संध्याकाळी होणारा वाढदिवस त्या दिवशी सकाळी, भेटीच्याच वेळी घेतला होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी माझं वाक्य बोलले आणि समोर पाहिलं. चपलांपाशी ताई होत्या, आणि त्यांच्या शेजारी आई.

आई हलली नाही. केक खाऊन झाल्यावर एका पाहुण्या बाईंनी तिला कामवाली समजून प्लेटा गोळा करायला सांगितल्या, आणि तिने केल्या. ताई उठून तिच्याबरोबर प्लेटा उचलू लागल्या. पण ही हिची आई आहे, हे त्या बोलल्या नाहीत. मीही नाही. आई तशीच निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आता ती कधीच येणार नाही, असं मी धरून चालले.

मग ताई ऑफिसला विचारून मला देवनारला घेऊन गेल्या. आईच्या खोलीतही त्या दारातल्या चपलांपाशीच बसल्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी बोलायला हवं होतं. संशोधनाची परवानगी जाईल म्हणून गप्प बसले. लाज वाटते मला."

एवढ्या शिकलेल्या बाईला आमच्या खोलीत बसून लाज वाटते, हे बघून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई म्हणाली, "तुम्ही नका मनाला लावून घेऊ, ताई. ते मीच शिकवलंय तिला. पाहुण्यांपुढे कोणी नाही म्हटलं तर संस्थावाले ठेवून घेतील, म्हणून. फक्त तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं."

आई पुन्हा यायला लागली. ताईंनी संस्थेच्या विश्वस्तांशी भांडण काढलं, मुलींना असं उभं करू नका म्हणून. ती रीत बंद झाली आणि ताईंची परवानगीही. पुढे त्या आईला सोडायला फाटकापर्यंत यायच्या आणि बाहेरच थांबायच्या. विद्यापीठात शिकवताना दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगायच्या, माझं नाव न घेता, स्वतःची बाजू न सावरता. सांगण्याआधी मला फोन करून विचारायच्या. मी हो म्हणायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाही.

गेल्या महिन्यात ताई गेल्या. मुलुंडला शोकसभा होती. "ताईंनी जीव लावलेली एक अनाथ मुलगी," असं म्हणून मला बोलायला बोलावलं. आई बरोबर होती. खुर्च्या रिकाम्या असूनही ती दारात चपलांपाशी बसली होती. माईकपाशी गेले तर पोटात तेच जुनं दुखणं.

मी म्हटलं, "मी अनाथ नाही. दारात बसलीय ना, ती माझी आई."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आई इतकी ओशाळली, की घाईघाईने उठून चहाचे रिकामे कप गोळा करू लागली. मी खाली उतरले आणि तिच्याबरोबर कप उचलू लागले. या वेळी ती कोण आहे, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं.