आबांच्या लढाईची तिथी

अगं धाकटे, ये अशी फोनजवळ. चष्मा लाव, आणि आधी तो टीव्ही बंद कर. तीनदा सांगितलं तुला, आबांचा फोटो भिंतीवरून खाली उतरव, उजेडात धर आणि मग त्याचा फोटो काढून पाठव. तू काय केलंस? फोटो भिंतीवर तसाच, काचेत तुझी ट्यूबलाइट, आणि आबांच्या तोंडाच्या जागी तू, मोबाइल धरून. पलटणीचा पोशाख आणि वर आमच्या धाकटीचा अंबाडा! माझी नात पोट धरधरून हसली. मला हसू नाही आलं. का ते सांगते, ऐक.

इथे कॅनडात, एडमंटनला येऊन माझी हयात गेली. बर्फ शोव्हल करून कंबर गेली. पण कुणाच्या घराचा, गाडीचा कधी हेवा केला नाही मी. आता या वयात करतेय, तो शेजारणीच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरचा.

शेजारीण माझ्याच वयाची, गोरी, नवरा गेलेला, गुडघे माझ्यासारखेच कामातून गेलेले. बाई चांगली आहे, तेच तर दुखणं आहे. तिच्या कॅलेंडरवर आपल्यासारखे दूधवाल्याचे खाडे नसतात, लढाया असतात. एप्रिलात आजोबांची, पहिल्या महायुद्धातली, फ्रान्समधल्या विमीची. जूनमध्ये काकांची, फ्रान्सच्या किनाऱ्यावरची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वडिलांची, इटलीतली ओर्टोनाची. साहेबाच्या फौजेबरोबर लढलेल्या साऱ्या लढाया हिच्या घरी वाढदिवसासारख्या येतात. त्या दिवशी केक होतो, फोटो पुसला जातो, जुनी पत्रं बाहेर निघतात. तिच्या माहेरच्या गावात तर नोव्हेंबरात रस्त्याच्या खांबाखांबावर सैनिकांचे फोटो लावतात. एका खांबावर तिचे वडील, वाऱ्यात फडफडत. मी गाडीतून पाहिलं आणि मान वळवली.

आणि माझी नात, बारा वर्षांची, शाळेतून आली की माझ्या हातचे पोहे खायची, ती दप्तर टाकते आणि त्या घरी पळते.

"काय आहे गं तिथे एवढं?" मी विचारलं.

"आजी, शी हॅज स्टोरीज. डेट्ससकट!"

"माझे आबाही लढलेत त्याच इटलीत."

"व्हिच बॅटल? व्हेन?"

झालं. तारीख मलाही कुठे ठाऊक? तुला आठवतं ना, आबा बोलायचे नाहीत. लढाईवरून आले आणि दोन वर्षांत देश स्वतंत्र झाला. मग साहेबाच्या फौजेत लढलेल्याला गावात कोण विचारतो? पंधरा ऑगस्टला शाळेत माझ्या वर्गातल्या एकीच्या वडिलांना हार घालायचे, ते तुरुंगात जाऊन आलेले. तिने केसात तो हारातला झेंडू खोवला होता. आबा मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या झेंडूचाही मी हेवा केला होता, धाकटे. म्हणजे बघ, खोड जुनीच.

मला एवढंच माहीत होतं की आबांची एक नदी होती. आईने सांगितलं होतं: त्रेचाळीस साली, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, खंडोबाचं नवरात्र बसतं त्या दिवशी आबा नदीतून जिवंत वर आले. तर मी कॅलेंडर बघून शेजारणीला ठसक्यात तारीख सांगितली. तिनेही लिहून घेतली, डिसेंबरातली. माझ्या आबांना तिच्या फ्रिजवर जागा मिळाली! त्या दिवशी ती केक घेऊन आली सुद्धा.

त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, मी नोव्हेंबरातच आबांच्या दिवसाचं पुरण शिजवायला लागले. शेजारीण कुंपणापाशी आली. म्हणाली, "तुझ्या वडिलांची लढाई पुढच्या महिन्यात ना?"

"नाही, यंदा आज आहे."

"यंदा?" तिने भुवया वर केल्या. कुचकट नव्हे हो, बिचारीला खरंच कळेना.

नात मधे उभी. कानापर्यंत लाल झाली. घरात आल्यावर म्हणाली, "आजी, बॅटल्स डोंट मूव्ह! यू मेड मी लुक सिली."

आता तिला तिथी कशी समजावू? आपले सगळे मोठे दिवस फिरतातच की. दिवाळी फिरते, माणसाचं श्राद्ध फिरतं. आणि हे कुंपणापाशी झालं त्याआधीच्या आठवड्यात, रिमेंब्रन्स डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, शाळेत मुलांनी कागदाच्या लाल फुलावर घरातल्या सैनिकाचं नाव, लढाई आणि तारीख लिहून भिंतीवर लावायचं होतं. मी हौसेने बघायला गेले. माझ्या नातीच्या अक्षरात फूल होतं, आणि त्यावर नाव होतं शेजारणीच्या बापाचं. आबांच्या लढाईचं नावच ठाऊक नव्हतं ना.

खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी चकल्यांचं ताट कुंपणापलीकडे पाठवलं नाही. "तिच्या कुकीजनी दात पडतील तुझे," असंही म्हणाले नातीला. नात म्हणाली, "यू आर जेलस." मी म्हटलं, "हो, आहे!" आणि मला रडू फुटलं.

मग ती बसली जवळ. तेव्हा मी तिला आपल्या घरातलं सांगितलं. आपण समजायचो की तो खंडोबाचा कुलाचार, सगळ्यांकडे असतो. आबा अनवाणी अंगणात जायचे. आई उंबऱ्यात तांब्या घेऊन. ती विचारायची, "नदी उतरून आलात का?" आबा म्हणायचे, "आलो." मग ती पायांवर पाणी घालायची, भंडारा लावायची आणि म्हणायची, "या आत." तू पाय पुसायला पंचा धरून उभी. एवढंच. दरवर्षी. त्यांच्या तोंडून लढाईबद्दल तो एकच शब्द निघायचा, "आलो". तोही आईसाठी.

नात ऐकत राहिली. मग म्हणाली, "वेट. कुठल्या वर्षी?"

मी म्हटलं, त्रेचाळीस साल.

तिने त्या तिच्या मोबाइलच्या डबड्यात शोधलं. त्रेचाळीस सालची मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा काढली. मग आणखी काहीतरी शोधलं. आणि एकदम किंचाळली, "आजी! ट्वेंटी-एट्थ नोव्हेंबर! सांग्रो रिव्हर! इट्स द सेम डे!" साहेबाची आठवी फौज, आबांची पलटण तिच्यातच, इटलीत त्या नदीपलीकडे चढाई करत होती तोच दिवस. आपल्या अडाणी आईने बोटावर मोजून जपलेला दिवस. पुस्तकातली तारीख आणि तिची तिथी एकाच दगडावर येऊन थांबली.

मी डोळे पुसतेय, हात पुढे केलेत पोरीला जवळ घ्यायला, आणि पोरगी कुठे? बूट घालून शेजारणीकडे, सांगायला! धाकटे, तेव्हा जो काही जळफळाट झाला माझा!

पण दहा मिनिटांत दोघी माझ्या स्वयंपाकघरात. शेजारणीने वडिलांचा जुना नकाशा आणलेला. तिने बोट ठेवलं: ही तुझ्या वडिलांची नदी, तिच्या वरच्या अंगाला ही पुढची नदी, तिथे तुझे लोक आणि माझे वडील शेजारी शेजारी होते. मग हे आपलं ओर्टोना. नातीने तिला तांब्याचं सगळं सांगितलं. तिने नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, "माझे वडील तो आठवडा गराजमध्ये एकटे बसायचे. आई आम्हाला म्हणायची, आत जाऊ नका. तारखा तर मी ते गेल्यावर शोधून काढल्या. त्यांना 'आत या' असं कुणीच म्हटलं नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला तुझा हेवा वाटतो."

मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं. तिला दुसरा चहा दिला, चकल्या दिल्या. तिने केकचं विचारलं तर म्हटलं, आता वर्षाला दोन कर, एक तारखेला, एक तिथीला.

तरी माझं मन भरलेलं नाही बघ, आणि आता पाळी तुझी आहे. आबा अंगणातल्या बाजेवर तुला मांडीवर घ्यायचे, मला नाही. फोटो तुझ्या भिंतीवर. आणि पायसुद्धा तूच नेलेस, रुंद, अंगठ्याशेजारचं बोट लांब, हुबेहूब आबांचे. माझे बघ, आईसारखे, भाकरीएवढे.

नात म्हणते, या वर्षी आपण करायचं. तांब्या मी धरेन, पंचा ती धरणार आहे. शेजारीण म्हणाली मी फक्त दारात उभी राहीन. पण पाय कुणाचे? माझ्या पोराला विचारलं तर म्हणतो, "आई, उणे वीसमध्ये अनवाणी? आर यू सीरियस?" तेव्हा तुलाच यायला हवं. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, व्हीलचेअर मागव एअरपोर्टवर, मीही मागवते. फोटो काचेसकट आण, साडीत गुंडाळून, हातातल्या बॅगेत. दारापुढचं बर्फ मी स्वतः काढून ठेवीन, पाणी कोमट करीन, बाहेर दोन मिनिटांच्या वर उभी नाही करणार.

समुद्र ओलांडून आलीस का, असं मी विचारेन. तू फक्त "आले" म्हण. प्रतिपदा कधी पडते ते तुझ्या कॅलेंडरात बघ आणि तिकीट काढ. लवकर ये गं.