लिंबोणीची पानं

मोठालं झाड मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायचं म्हटलं की लोक उपटमामाला बोलवायचे. नाव चेष्टेतच पडलं होतं, पण मामाला ते आवडायचं. या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

हट्ट मात्र त्याचा एकच. झाड हलवण्याआधी फांद्या छाटायच्या, पानं ओरबाडून काढायची. एखादी मालकीण हळहळली की मामा खेकसायचा, "अहो बाई, मुळं तोडली, आता हे पिणार कुठून? आणि पानं तर उन्हात पाणी उडवतच राहणार. खालून येणं बंद, वरून जाणं चालू! माया करायची तर कात्रीनं करा."

आणि स्वतःच्या दारातल्या लिंबोणीच्या वेळी हाच शहाणा कच खाऊन बसला.

लिंबोणी बायकोनं लावलेली. बायको गेल्या वर्षी गेली. औषधांनी तिचे केस झुपक्यांनी गळायला लागले, तेव्हा तीच म्हणाली होती, "अहो, उतरवून टाका सगळे. मला नाही बघवत." मामानं वस्तरा घेतला आणि उतरवले. ते डोकं त्याच्या डोळ्यांसमोरून काही केल्या हलत नव्हतं.

आता भाड्याची जागा सोडावी लागली, म्हणून लिंबोणी लेकीच्या अंगणात न्यायचं ठरलं. मुळं तोडली, मातीचा गोळा गोणपाटात आवळून बांधला, कात्री हातात घेतली, आणि पुढे हात चालेना.

"राहू दे," तो लेकीला म्हणाला. "एकदा केलंय मी हे. परत नाही व्हायचं माझ्यानं."

लेक त्याच्याच हाताखाली शिकलेली. "अहो बाबा, वाळेल ना ती!"

"मी घालीन की पाणी."

लिंबोणी तशीच, पानांसकट, लेकीच्या अंगणात लावली. आणि पाणी घातलं हो! बादल्यांवर बादल्या ओतल्या. जुनी चादर बांधून सावली केली. तरी पानं मलूल झाली, मग कडेनं वळली. बुडाशी चिखल आणि शेंड्याला तहान! आता पानं काढा म्हणून लेक रोज विनवायची, तर हा म्हणायचा, उद्या बघू. त्याला का कळत नव्हतं? सगळं कळत होतं, तेच तर मेलं दुखणं होतं. जन्मभर लोकांना ऐकवलेलं आता स्वतःला ऐकवत नव्हतं. घास उतरेना. "तिची एवढी एक गोष्ट राखता आली नाही मला," म्हणून लेकीसमोर ढसाढसा रडला.

शेवटी लेकीनं कात्री आणून हातात ठेवली. "तुम्ही कापता की मी कापू?"

मामानं पहिलीच फांदी धरली आणि थबकला. पानं कुरकुरीत वाळली होती, पण गळालं एकही नव्हतं. झाडात जीव असला की ते वाळकं पान टाकून देतं. इथे टाकायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्यानं सालीवर नख ओढलं. खाली हिरवं दिसायला हवं, दिसलं भुरं. मधल्या फांदीवर ओढलं, तेही भुरं. मग बुंध्यावर.

"अजून खाली बघा ना, बाबा."

त्यानं दोन्ही हातांनी चिखल उकरला आणि मुळाशी नख ओढलं. तिथेही तेच.

मामा त्या चिखलातच बसला. लेकीनं खांद्यावर हात ठेवला, तरी वर बघेना.

"तुझ्या आईनं तोंडानं सांगितलं होतं गं, उतरवा म्हणून," तो म्हणाला. "ही बिचारी कशी सांगणार?"