सुकवलेल्या गोळ्या

वालीवच्या कारखान्यांत माझ्यासारखा टर्नर झाला नाही. कोणालाही विचारा, जळून नाही म्हणतील. लेथवर लोखंड फिरायला लागलं की मी नुसत्या आवाजावरून सांगायचो, अजून केसाच्या चौथाईइतकं कापायचंय. एकदा एक शाफ्ट मी इतका गुळगुळीत काढला होता की त्याच्यावर बसलेली माशी घसरून पडली आणि लंगडत उडाली.

असा माणूस पाच महिने घरी बसून होता. कारणं दोन. पहिलं म्हणजे दारू. दुसरं डोक्यातलं: मन एकदा चढायला लागलं की चार-चार दिवस झोप नको, जेवण नको, शेजारच्या तीन गाळ्यांची मशीनं मी फुकट उघडून ठेवणार. आणि उतरलं की दात घासणंसुद्धा तुंगारेश्वरचा डोंगर चढण्यासारखं. त्या चढतीच्या दिवसांत, वर थोडी घेतलेली असताना, मी लोखंड पकडून फिरणाऱ्या चकमध्ये चावी तशीच ठेवून मशीन सुरू केलं. चावी सुटली आणि पलीकडच्या माणसाच्या कानाजवळून जाऊन भिंतीत घुसली. ही एवढी गोष्ट मी कुठे फुगवून सांगत नाही.

शेठ ओरडला नाही. म्हणाला, मशीनवर उभं राहायला हरकत नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी आण, महिनाअखेरपर्यंत तुझा लेथ रिकामा ठेवतो. मला जगात त्या चिठ्ठीखेरीज काही नको होतं.

वसईत दर मंगळवारी आमची, म्हणजे दारू आणि डोकंवाल्यांची, ओपीडी असते. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज हळू, आणि डोळे असे की भिंतीपलीकडचं दिसावं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दारू एका दुकानात आणि डोकं दुसऱ्या दुकानात असं फिरायचं नाही. दोन्ही एकमेकांना खायला घालतात, म्हणून दोन्हींचा इलाज एकाच फाइलीत. ॲडमिट व्हायची गरज नाही, पण तीन गोष्टी चुकवायच्या नाहीत: मंगळवारचा ग्रुप, मन एका पातळीवर ठेवणारी लिथियमची गोळी आणि ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी.

ग्रुप मला आवडायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, आठ-दहा जण, आणि उठून जायला बंदी. यापेक्षा चांगले श्रोते कुठे मिळणार? मी सांगायचो, माझ्या पिण्याच्या काळात अर्नाळ्याच्या समुद्राची भरती माझी वाट बघून परत जायची. समोर एक रिटायर्ड कंडक्टर बसायचे, आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. ते शांतपणे म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागच्यांनाही खोटं बोलायचंय." लोक हसायचे. मीही हसायचो, आणि खुर्चीखाली माझा पाय शिवणयंत्रासारखा चालू असायचा.

कारण एक गोष्ट मी ग्रुपमध्ये सांगितली नव्हती, डॉक्टरबाईंना नाही, बायकोलाही नाही. गोळी सुरू झाल्यापासून माझे हात थरथरत होते. फार नाही. चहा सांडत नव्हता. पण टर्नरला चहाचं काय करायचंय? घरी मायक्रोमीटर काढून मी एक जुना बेअरिंगचा तुकडा मोजत बसायचो आणि आकडा दर वेळी वेगळा यायचा. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं होतं, हात थरथरतात का. मी सांगितलं, बाई, हात असा स्थिर आहे की कानशीच्या टोकावर तांदळाचा दाणा ठेवून वसई ते विरार रिक्षाने जाईन. त्यांनी लिहून घेतलं: नाही.

डॉक्टरबाई चिठ्ठीचं ठरवणार होत्या तो मंगळवार नऊ दिवसांवर आला तेव्हा मी हिशेब केला. गोळी बंद, थरथर बंद, चिठ्ठी हातात. मग मशीनवर उभं राहिलो की गोळी पुन्हा सुरू. असा हिशेब वालीवच्या सर्वांत हुशार टर्नरलाच सुचू शकतो.

अडचण बायकोची होती. ती अर्नाळ्याची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. हात तिचा पक्का आणि नजर त्याहून. जेवण झालं की गोळी माझ्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा ग्लास द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पण माझ्या डाव्या गालात एक कोपरा आहे. वीस वर्षं तंबाखूने तो घडवलेला. त्यात गोळी काय, लहानसं बेअरिंग राहील. गोळी तिथे, पाणी पोटात. ती वळली की मी गॅलरीत जाऊन गोळी काढायचो आणि ग्रिलच्या कडेला, कुंडीच्या मागे ठेवायचो. फेकवत नव्हतं. औषध फेकणं बरं नाही, हे आईने शिकवलेलं. तिचे बोंबील सुकायचे एका बाजूला, माझ्या गोळ्या दुसऱ्या.

तिसऱ्या दिवशी थरथर कमी झाली. चौथ्या दिवशी झोपही. पाचव्या दिवशी मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची नवी योजना तीन कागदांवर काढली आणि वॉचमनला तासभर समजावली. पाय घरात ठरेना. वसई स्टेशनपर्यंत चालत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. अंगातलं मशीन थांबवायला कुठेतरी बटण हवं होतं, आणि मला एकच बटण माहीत होतं. तीनदा दाबलं. मग तोंडात बडीशेप, अंगाला पावडर आणि बायकोला एक लांबलचक गोष्ट.

त्या मंगळवारी रक्ताच्या तपासणीची सकाळ उजाडली तेव्हा मला कळलं की रक्तात गोळीच सापडणार नाही. मग मी काय केलं? कुंडीमागून तीन गोळ्या उचलल्या, अर्धवट विरघळून पुन्हा वाळलेल्या, बोंबलाचा वास लागलेल्या, आणि चहाबरोबर एकदम घेतल्या. तासाभराने लॅबमध्ये हात पुढे केला. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, हे डॉक्टरबाई दर वेळी सांगत असत. दर वेळी मी मान डोलवत असे.

दुपारी ओपीडीच्या बाकावर बायकोशेजारी माझ्याने बसवेना. हात आता खरेच नाचत होते. मी आवारातल्या बदामाला फेऱ्या मारल्या. एवढ्या मारल्या की झाडाला चक्कर आली असेल. बायकोच्या फोनवर रिपोर्ट आला. आकड्यासमोर लाल बाण, वर गेलेला. वर, म्हणजे चांगलं, असं मी तिला सांगितलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि पेन खाली ठेवलं. लिथियम फार जास्त झालंय, म्हणाल्या. किडनीचं काही असेल तर आजच ॲडमिट करावं लागेल. मग विचारलं, "रक्त द्यायच्या आधी गोळी घेतली होती?"

"छे."

"जुलाब, उलट्या? पाणी कमी प्यायलात? जेवणातलं मीठ एकदम कमी केलंत?"

मीठ. मीठ कमी झालं तर हे औषध अंगात साठतं, हे त्यांनीच मागे सांगितलं होतं. माझ्या जिभेला गोष्ट सापडली आणि ती माझ्याआधी निघाली. मी म्हटलं, तेच झालंय बाई, हिने महिनाभर सुकी मासळी बंद केली, भाजी-आमटी अळणी, हिच्या कुठल्याशा मैत्रिणीने सांगितलं की मिठाने बीपी वाढतं.

डॉक्टरबाई बायकोकडे वळल्या. रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. असं न विचारता कधी करायचं नाही, जीव जाऊ शकतो, म्हणाल्या.  बायकोच्या हाताला सकाळी भाजलेल्या बोंबलाचा वास असणार. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरबाईंकडेही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आणि म्हणाली, "पुन्हा नाय करनार."

मी आयुष्यात हजारो थापा मारल्या असतील. पण माझी थाप दुसऱ्या कोणी अंगावर घेतलेली मी कधी पाहिली नव्हती.

"तिने काही केलं नाही," मी म्हटलं. "आठ दिवस गोळी गिळलीच नाही. हात थरथरतात, मशीनवर चालणार नाही म्हणून. तीनदा प्यायलो. आज सकाळी तीन गोळ्या एकदम घेतल्या, मग रक्त दिलं."

सांगून झालं. इतकी छोटी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. डॉक्टरबाई बायकोकडे वळून म्हणाल्या, यांचं कुठलं खरं धरायचं ते तुम्हीच सांगा.

बायकोने पदर सोडला. "हे खरं आहे. खोटं असतं तर याहून चांगलं सांगितलं असतं यानी."

संध्याकाळी पुन्हा रक्त घ्यायचं, तोवर इथेच बसायचं, गोळी त्या सांगतील तेव्हाच सुरू करायची. थरथर कमी करायला डोस बदलता येतो, वेगळी गोळी असते. त्यासाठी थरथर होते हे आधी कळावं लागतं. हे त्या फाइलीत लिहिता लिहिता बोलल्या, डोकं वर न करता. चिठ्ठीचं मी विचारलं.

"या महिन्यात नाही."

बदामाखाली येऊन मी शेठला फोन लावला. तोंडात गोष्ट तयार होती: डेंग्यू, प्लेटलेट, सासुरवाडीला मयत, तिन्ही एका दमात. बायको शेजारी उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी धरून. शेठ हॅलो हॅलो करत होता.

"शेठ, चिठ्ठी मिळाली नाही. हात थरथरतात. गोळ्या सोडल्या होत्या, पिऊनही झालं."

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. कुठल्या लेथचा, या वेळी मला ओळखता आलं नाही. मग शेठ म्हणाला, "मशीनवर दुसरा उभा करतो. तू चिठ्ठी आणलीस की ये, मग बघू." आणि फोन ठेवला.

काय म्हणाला, असं बायकोने विचारलं. जे म्हणाला तेच सांगितलं. तिने मान हलवली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. संध्याकाळच्या रक्ताला अजून तीन तास होते. मी बसायचा प्रयत्न केला, उठलो, पुन्हा बसलो. तीही माझ्याबरोबर उठली, आणि आम्ही दोघं झाडाभोवती फिरायला लागलो.